खंडेनवमीची सफाई आणि ताईचा झेंडू

मी काय नोकरी करतो हे आमच्याकडे कुणी नीट सांगत नाही. बायकोच्या माहेरी, खोपोलीला, कुणी विचारलं तर "कंपनीत आहेत" एवढ्यावर भागवतात. त्यावरही कुणी चिकाटीनं "कंपनीत काय?" असं विचारलंच, तर सासूबाई "पाण्याचं बघतात" म्हणतात आणि लगेच चहाचा कप पुढे करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, जावई धरणावर वगैरे असावेत.

खरं काम असं. खालापूरजवळ सूत रंगवायचा एक लहानसा कारखाना आहे आणि त्याचं सगळं सांडपाणी माझ्या ताब्यात येतं. रंगखात्यात आज काय शिजतंय हे मला ऑर्डरचा कागद न बघता कळतं. नाल्यातून गडद निळं पाणी आलं की शाळांचे गणवेश, मरून आलं की लग्नसराई. एकदा सलग तीन दिवस पोपटी आलं होतं, ते कशासाठी होतं हे मला आजतागायत समजलेलं नाही. हे सगळे रंग आधी एका मोठ्या टाकीत एकत्र होतात. तिथं त्यांचं मिळून जे काही होतं, ते चित्रकलेच्या तासाला ब्रश बुचकळून बुचकळून शेवटी पेल्यात जे उरतं, तसं दिसतं.

पूर्वी आम्ही या पाण्यात चुना आणि तुरटी ओतायचो. पोतीच्या पोती. पाणी निवळायचं, पण तळाशी जो गाळ बसायचा त्याचे ढीग ठेवायला जागा पुरेना. पाण्यातली घाण काढून आम्ही ती ढिगात रचून ठेवत होतो, एवढंच. मग हळूहळू ते कमी केलं. रंग उतरवायला थोडी तुरटी अजून लागते, पण बाकीचं काम जिवाणूंवर सोपवलं. दुसऱ्या टाकीत खालून सतत हवा सोडलेली असते. पाणी उकळल्यासारखं खदखदत असतं आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव बसून घाण खात असतात. तिथून पाणी निवळायला जातं, मग कोळशातून गाळलं जातं, आणि शेवटी खडीच्या लांबलचक वाफ्यातून, ज्यात आम्ही कर्दळी लावल्या आहेत. कर्दळ अशी माजली आहे, की तपासणीला येणारे साहेब आधी फुलांचा फोटो काढतात आणि मग पाण्याबद्दल विचारतात.

या जिवाणूंचा मला फार अभिमान. घरी मी त्यांना "माझी माणसं" म्हणतो. "आज माझ्या माणसांना जड गेलं, काळा रंग होता," असं एकदा जेवताना म्हणालो, तर बायको म्हणाली, "माझ्या बाबांची तब्येत कधी इतक्या काळजीनं विचारली नाहीत."

आता ताईबद्दल. माझी थोरली बहीण कारखान्याच्या शेजारच्याच गावात दिलेली आहे. त्यांची भातशेती खाली ओढ्याच्या अंगाला, आणि वरचा एक तुकडा थेट आमच्या कुंपणाला लागून. पाऊस सरला की तो तुकडा ओसाड. विहीर आहे, पण दसऱ्याला तिचं पाणी इतकं खाली जातं की बादली सोडली तर आधी दगडाचा आवाज येतो. आणि कुंपणाच्या अलीकडे मी रोज साफ केलेलं पाणी कंपनीच्या हिरवळीवर सोडत होतो. हिरवळीवर कुणी बसत नाही, तिथं चालायला मनाई आहे.

मीच ताईच्या मागे लागलो. "झेंडू लाव. दिवाळीला फूल येईल. पाणी मी देतो."

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, बरेच दिवस ऐकेनात. "पाव्हनं, तुमचं पानी रंगीत असतंय. उद्या झेंडू निळा आला तर कुनाच्या दारावर बांधू?"

मी त्यांना पाण्याचे तपासणीचे अहवाल दाखवले. ते त्यांनी उलटे धरून पाहिले आणि परत केले. मग मी काचेच्या ग्लासात पाणी नेऊन दाखवलं. "पिऊन दावा," दाजी म्हणाले. मी म्हटलं, प्यायचं नाही, भाजीलाही घालायचं नाही, फक्त फुलांना. त्यात मीठ राहतं, ते माझ्या माणसांना खाता येत नाही, म्हणून विहिरीचं पाणी निम्मं मिसळायचं. हे ऐकल्यावर दाजींचा विश्वास बसला. म्हणाले, "खोटं बोलायचं असतं तर तुमी पिऊन दावलं असतं."

कंपनीनं परवानगी दिली, भिंतीतून पाइप गेला, पाइपाची चावी ताईच्या बाजूला बसली, आणि श्रावण सरता सरता त्या तुकड्यात झेंडूची रोपं लागली. दसऱ्यापर्यंत पावसानं निभावलं. दसऱ्याला कळ्या धरल्या होत्या, हरभऱ्याएवढ्या. आता तिथून दिवाळीपर्यंतचे वीसेक दिवस उन्हाचे, आणि ते सगळे माझ्या पाण्यावर. गावात ताईनं सांगून ठेवलं होतं की यंदा खोपोलीजवळच्या शिळफाट्याला फुलं घेऊन आपण स्वतः बसणार. तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं काहीतरी विकायचं ठरवलं होतं. तेवढ्यासाठी नवीन टोपल्याही आणल्या होत्या.

आणि इथं मी माझी अक्कल वापरली.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून ठेवतात आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा. त्या दिवशी कामगारांच्या घरच्या माणसांना कारखाना बघायला बोलावतात. दरवर्षी माझी बायको रंगखातं बघायची, पेढा खायची आणि माझ्या खात्याच्या अलीकडूनच नाकाला पदर लावून परत फिरायची. यंदा मी ठरवलं, की तिला आणि ताईला माझं खातं दाखवायचंच. आणि असं दाखवायचं, की खोपोलीला पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सासूबाईंनी चहा पुढे करता कामा नये.

नवमीला रंगखातं बंद होतं. मी बाह्या दुमडल्या. हाताखालच्या ऑपरेटरला म्हटलं, तू तोरणं कर, धुण्याचं मी बघतो. टाक्यांचे कठडे, पायऱ्या, नाल्या, फरशी, सगळं घासून काढलं. शेवाळ निघेना म्हणून ब्लीचिंग पावडर आणली. ती आवडली. आणखी आणली. अर्धी गोणी संपली तेव्हा फरशी अशी चकाकत होती, की तिच्यात मला माझं पोट दिसत होतं. सगळं पाण्याच्या पाइपानं धुऊन काढलं आणि धुणं खळखळत नालीतून गेलं. कुठं गेलं? आमच्याकडच्या सगळ्या नाल्या जिथं जातात तिथं.

हे मला त्या वेळी सुचलं नाही. इतकी वर्षं मी नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतो, की ब्लीचिंग टाकीजवळ आणायचं नाही. सांगताना बोटही हलवतो.

दसऱ्याला सकाळी सगळे आले. बायको नवी साडी नेसून, ताई आणि दाजी त्यांच्या टेंपोतून. टेंपोचीही पूजा झालेली, पुढे हार, टपावर आंब्याची डहाळी, काचेवर हळदीकुंकवाचे ठिपके. मी सगळ्यांना खात्यात नेलं. बायकोनं पदर नाकाला लावला नाही, हे मी लगेच टिपलं.

"आज वास नाही आला," ती म्हणाली.

"स्वच्छता," मी म्हणालो.

खरं तर तिथंच समजायला हवं होतं. निरोगी टाकीला ओल्या मातीचा एक वास असतो. तो नव्हता. तिथं पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता आणि मी तो कौतुकानं हुंगत होतो.

मग मी माझा हुकमी एक्का काढला. मायक्रोस्कोप. टाकीतला एक थेंब काचेवर घेतला. "ताई, बघ. माझी माणसं. जिवाणूंच्या सोबतीला असतात ती मोठी, घंटेसारखी, देठावर डोलतात. तोंडाशी केस असतात, ते हलवून खाणं ओढून घेतात. एकेक असा नाचतो की बघत राहावंसं वाटतं."

ताईनं एक डोळा मिटला, दुसरा लावला. बराच वेळ बघितलं.

"झोपलेत का रं?"

"झोपतील कसे? नीट बघ."

"नीटच बघतेय. कोन हालत नाय. काय घंटा नाय, काय नाय. पिठाच्या गुठळ्या दिसतायत."

बायकोनं बघितलं. "सुट्टी दिलीत वाटतं."

मी बघितलं. दुसरा थेंब घेतला. तिसरा घेतला. टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यातला घेतला. दाजी मागे उभे राहून म्हणत होते, "आमी गेल्यावर नाचतील. नव्या माणसांफुडं लाजत असतील." आणि मग तो तलावाचा वास एकदम माझ्या टाळक्यात गेला. मी टाकीकडे पाहिलं. एरवी चॉकलेटी असणारं पाणी राखाडी पडलं होतं आणि वर पांढरा फेस चढत होता.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसाची पाठसुद्धा वाचता येते.

"विजेचा दाब कमी-जास्त झाला असेल," मी म्हणालो.

"अहो."

"काय?"

"काल अंगाला कसला वास होता तुमच्या? मी दोनदा शर्ट धुतला."

मग सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, टाकी तिथंच फेसाळत होती. दाजी हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत. ताईनं पहिला प्रश्न विचारला, "माज्या फुलांना गेलं का हे पानी?"

"नाही. काल रंगखातं बंद होतं, पाणी या टाकीच्या पुढं सरकलेलं नाही. पण आत्ताच्या आत्ता तुझ्याकडची चावी बंद कर. मी सांगेपर्यंत उघडायची नाही."

"किती दिस?"

मी मनात हिशेब केला आणि त्यातला बरा आकडा सांगितला. "दहा."

"दहा दिस झेंडूनं काय उपास धरायचा? कळ्या लागल्यात रं भाऊ."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चावी बंद करायला गेली.

मॅनेजरसाहेबांना मी पूजेच्या तबकासमोरच गाठलं. त्यांनी पेढा तोंडात घातला होता, तो तसाच ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाले की रंगखातं आणखी दोन दिवस बंद ठेवू, नंतर फक्त फिके रंग चालवू, आणि टाकी जिवंत झाल्याशिवाय एक थेंब बाहेर सोडायचा नाही. "आणि रोजच्या नोंदवहीत काय लिहिणार आहात?" मी म्हटलं, जे झालं तेच. "लिहा," ते म्हणाले. "वाचायला मजा येईल."

आता टाकी जिवंत करायची म्हणजे काय, तर नवं बियाणं हवं. ताईकडचं शेण घालता आलं असतं. घालतातही. पण शेणातले जीव गवतावर वाढलेले, ते रंगाचं पाणी पचवायला शिकेपर्यंत दिवाळी होऊन गेली असती. आधीच शिकलेले हवे होते. आणि असे जवळात जवळ एकाच ठिकाणी होते, मोहोपाड्याकडच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात. तिथलं माझ्यासारखंच खातं एक तरुण मॅडम सांभाळतात. त्यांना फोन करण्यापेक्षा मी टाकीत उडी मारली असती, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

"सर! दसऱ्याच्या शुभेच्छा!"

"तुम्हालाही. मॅडम, तुमच्या हवेच्या टाकीतला थोडा गाळ मिळेल का? जिवंत."

"तुमच्या टाकीला काय झालं?"

"ब्लीचिंग."

"सर, मागच्या वर्षीच्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. ब्लीचिंगचा डबा टाकीपासून किती लांब ठेवता, असं विचारलं होतं."

"हो."

"मी म्हटलं, दहा पावलं. तुम्ही म्हणालात, दहा पावलं म्हणजे खुनाची तयारी."

"हो, मॅडम."

"तुम्ही किती पावलांवर ठेवलं होतं?"

"मी हातात घेऊन गेलो होतो."

त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, साहेबांना विचारून ठेवते, पिंपं घेऊन या.

पिंपं होती, गाडी नव्हती. कंपनीचा ड्रायव्हर सुट्टीवर. सगळ्यांच्या नजरा दाजींच्या हार घातलेल्या टेंपोकडे वळल्या.

"नाय," दाजी म्हणाले. "आजच हळदीकुंकू लावलंय तिला."

"मग कुंकू पुसायला कोन सांगतंय?" ताई म्हणाली. "फुलं माजी मराय लागलीत आन् तुमी गाडीचं सोवळं सांभाळा."

मॅडमच्या साहेबांचा होकार येईपर्यंत दुपार सरली, मग चार निळी पिंपं चढवली आणि आम्ही निघालो. मोहोपाड्याला पोचायला सहा वाजले. मॅडमनी सगळी तयारी ठेवली होती, पण त्यांचा जुना ऑपरेटर, निवृत्तीला टेकलेले एक मामा, पंपाच्या बटणावर हात ठेवून उभे.

"दिवेलागन झाली. आता इरजन घराभायेर जात नाय."

"मामा, हे दही नाही, गाळ आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग इरजन म्हंजे काय असतंय? हितलं जितं काढायचं, दुसऱ्याच्या भांड्यात घालायचं, आन् त्यानं तितं जमून यायचं. काय फरक हाय सांगा. हितली टाकी बसली म्हंजे उद्या तुमीच माज्या नावानं खडं फोडाल."

मला हे तंतोतंत पटलं. वीसेक वर्षं मी लोकांना हे समजावण्यासाठी तक्ते वापरतो आहे.

"मग काय करायचं, मामा?"

"रिकाम्या हातानं न्यायचं नाय. बदल्यात कायतरी ठेवा."

बदल्यात माझ्याकडे काय असणार? खिशात रुमाल, पेन आणि सकाळच्या पूजेतली आपट्याची पानं. मी पानं काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या, मामा." मामांनी पानं कपाळाला लावली, वाकून आपल्या टाकीच्या कठड्यावर ठेवली आणि बटण दाबलं.

परतीचा प्रवास मी कधी विसरणार नाही आणि शिळफाट्यावरचे लोकही विसरणार नाहीत. या जिवांना हवा लागते, बंद पिंपात ते घुसमटतात. म्हणून झाकणं उघडी ठेवून मी मागे पिंपांमध्ये उभा राहिलो आणि बांबूनं आळीपाळीनं चारही पिंपं घुसळू लागलो. गाडीला हार, मागे मी, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नवा शर्ट तपकिरी ठिपक्यांनी भरलेला. शिळफाट्याला दसऱ्याची गर्दी, गाडी अडकली. शेजारी एक स्कूटर थांबली.

"काका, ताक हाय का? कितीला ग्लास?"

"ताक नाही."

"मंग घुसळताय काय?"

दाजींनी पुढून मान बाहेर काढली. "आमचे पाव्हनं हायत. त्यांना कामाबिगर चैन पडत नाय."

मध्ये एक जण ओळखीचा निघाला, सोनं द्यायला टेंपोत चढला आणि वासानं तसाच उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आणखी एक खेप केली. त्या वेळी बांबू दाजींनी धरला होता. मला म्हणाले, "तुमाला घुसळता येत नाय. तळाचं वर यायला पायजे."

टाकीत ते बियाणं पडलं. आधी ब्लीचिंग उडून जावं म्हणून खालून हवा जोरात सोडून ठेवली होतीच. त्यावर ताईकडचं शेण कालवून, गूळ, चिमूटभर युरिया. आजाऱ्याला पेज द्यावी तसं, रंगाचं पाणी अगदी थोडं थोडं. एवढं केलं की पुढं माणसाच्या हातात काही नसतं. वाट बघायची.

पण झेंडूला वाट बघता येत नव्हती. आणि भातकापणी सुरू झाली होती, ताई-दाजी दिवसभर खालच्या शेतात. तेव्हा बाकी कोण उरलं? मी. रोज कामावर जायच्या आधी आणि सुटल्यावर विहिरीत बादली सोडायची, डबे भरायचे, सरीसरीनं झाडाच्या बुंध्याशी पाणी घालायचं. विहीर दिवसाला चाळीस-पन्नास डबे देई आणि मग नुसता चिखल. तेवढ्यात सगळी झाडं भागत नव्हती. बायकोनं बुंध्याशी पेंढा पसरला, ओल टिकायला. एकदा ती कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला तुमचं खातं मला दाखवू नका. फोटो पाठवा."

चौथ्या दिवशी ताई कापणीवरून वर आली, विळा हातात. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"भाऊ, झाडाच्या डोक्यावर ओततोयस ते. त्याला काय अभ्यंग घालतोस? मुळात घाल."

"मुळातच घालतोय."

"कुठं? पायजमा भिजला तुजा." मग तिनं शेवटच्या दोन सऱ्यांकडे हात केला. उतारावरच्या, मुरमाड. "त्या सोड."

"का?"

"त्या जगायच्या नायत. तेवढं पानी बाकीच्यांना घाल."

मी म्हटलं, दोन डबे जास्त आणतो. ती म्हणाली, "सोड म्हनते ना." आणि परत कापणीला गेली. तिनं टोपल्या आणल्या होत्या त्यांतल्या किती आता लागतील, असा विचार माझ्या डोक्यात आला. त्या सऱ्यांना मी पाणी घातलं नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या माना टाकून वाळल्या.

टाकीचं म्हणाल तर रोज सकाळी लिटरभराच्या उभ्या काचेच्या नळीत तिचं पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचं. जिवंत टाकी असली की गाळ जड होऊन खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी उरतं. मेलेली असली की सगळं गढूळ. पाच दिवस गढूळ. सहाव्या दिवशी तळाशी बोटभर तपकिरी थर. आठव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली एक घंटा डोलताना दिसली. एकच, पण डोलत होती. मी ऑपरेटरला बोलावलं, त्यानं बघितलं, आणि आम्ही दोघं मोठी माणसं त्या एका जिवाकडे आळीपाळीनं दहा मिनिटं बघत बसलो. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, तिला सांगा, मोहोपाड्याची आठवण काढते की नाही."

अकराव्या दिवशी पाणी कर्दळीतून खाली उतरलं. प्रयोगशाळेचा कागद ठीक आला, तरी मी एक दिवस आणखी थांबलो. मग ताईला निरोप दिला.

ती आली, दाजी आले. दाजींनी चावी उघडली, पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, आणि विहिरीचं पाणी मिसळून पहिल्या दोन सऱ्यांत सोडलं. त्या भरल्या तशी चावी बंद केली.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"उद्या," दाजी म्हणाले. "आधी ह्या दोन काय म्हनतात बघू."

मला वाईट वाटलं आणि त्यांचं बरोबरही वाटलं, दोन्ही एकदम. मी असतो तर दोनसुद्धा उघडल्या नसत्या. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी कुंपणापाशी गेलो. त्या दोन सऱ्या ताठ उभ्या होत्या, पानं वर केलेली, आणि शेजारच्या कोमेजलेल्या. दाजी माझ्या आधीच तिथं बसलेले. त्यांनी चावी पूर्ण उघडली आणि कुदळीनं एकेका सरीचं तोंड फोडत गेले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ताई शिळफाट्याला बसली. टोपल्या आणल्या होत्या सहा, भरल्या चार. फुलं केशरी, घट्ट, पण नेहमीपेक्षा बारीक. पाण्याची ओढ बसली की असंच होतं, कळी फुलते पण भरत नाही. मी तिच्या मागे पिशव्या उघडून द्यायला बसलो होतो. एक बाई आल्या, फूल हातात घेऊन फिरवलं.

"अगं, किती बारीक गं ही फुलं!"

"बारीक हायत पन घट्ट हायत. पाडव्यापर्यंत सुकायची नायत."

"तरी. शेजारी बघ केवढी आहेत. तुझी का अशी?"

ताईनं मागे न बघता अंगठा माझ्याकडे केला.

"हा माजा भाऊ. ह्याला इचारा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आता विचारलंच आहे म्हटल्यावर मी सुरुवातीपासून सांगायला लागलो, की सूत रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी निघतं, ते आधी एका टाकीत एकत्र होतं, मग दुसऱ्या टाकीत हवा. मी जिवाणूंपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "दे बाई, दोन किलो दे."

ताईनं माप टाकलं, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि त्या गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारता मारता माझ्याकडे वळली.

"बोलत ऱ्हा," ती म्हणाली. "असंच बोलत ऱ्हा, दुपारपर्यंत खपतील."